आढळले नाही

फुजैरात रात्री दोन वाजता
डोंगर अजून तव्यासारखे धग सोडत असतात
आणि मी आत स्वेटर घालून.
शिजू ट्रे ठेवून जातो.
राखाडी टोपणाची नळी, रक्त.
पांढऱ्या झाकणाची बाटली, लघवी.
सीलच्या पट्टीवर तिघांच्या सह्या,
चौथी माझी.

नाव नसतं. आकडा असतो.
३१७.
पुरुष, अंदाजे सव्वीस,
बंदरावर टाक्या धुणाऱ्या टोळीतला,
सकाळच्या बससाठी उठला नाही.
उशाशी चिमूटभर पाला,
चहाची पत्ती म्हणून सहज खपला असता.

आधी झटपट चाचणी.
गांजा नाही, अफू नाही,
झोपेच्या गोळ्या नाहीत.
इथे फॉर्म भरून कुणी घरी गेलं
तर मी नावं ठेवणार नाही,
दिवसपाळीला दीडशे नमुने असतात.

पण आडनाव पोतदार.
आजोबांचे आजोबा नाणं दगडावर आपटायचे
आणि डोळे मिटून ऐकायचे.
अरबीत प नाही,
म्हणून डॉक्टर मौझा मला बोतदार म्हणतात.
एक अक्षर सरकलं, मी तीच.

हे बनवणारेही एवढंच करतात.
कुठल्यातरी शेडमध्ये
एक कार्बन काढतात, एक फ्लोरिन चिकटवतात,
यादीतलं नाव यादीबाहेर पडतं.
नशा तीच राहते.
किंवा राहत नाही, दहापट होते,
ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.
३१७ला कळलं असेल,
क्षणभर.

यंत्रात सोडलं.
पंप गुणगुणतो. रेष सपाट, सपाट,
मग कॅफीन:
चहा प्यायला होता.
मग पॅरासिटामॉल:
डोकं दुखत असणार.
आणि सात पूर्णांक बेचाळीस मिनिटांना
एक सुळका, अरुंद, ताठ.

लायब्ररी म्हणाली, जुळत नाही.
चार दशांशांपर्यंत वजन केलं.
तुकडे पाडले, तुकड्यांचं वजन केलं.
कोरा नमुना चालवला, कोराच निघाला.
लघवीत मात्र तो अख्खा नव्हताच,
यकृतानं त्याला ऑक्सिजन जोडून,
टोकं छाटून बाहेर धाडलं होतं,
माणूस जात असताना
त्यानं ड्यूटी सोडली नव्हती.

तुकडे ओळखीचे, अख्खा अनोळखी.
अंदाजानं दोन उमेदवार ठरवले,
शुद्ध कुप्या परदेशातून मागवल्या.
कस्टम्सनं चार दिवस अडवून धरल्या,
म्हणाले, हे तर अमली पदार्थ दिसतात.
त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पहिली कुपी: सात पूर्णांक एकोणसाठ.
दुसरी:
सुळक्यावर सुळका बसला,
जणू एकच कुणीतरी दोनदा दारात उभं राहिलं.
नाव लांबलचक, मधे आकडे, हायफन,
शिजूला एका श्वासात म्हणता येईना.

तारीख पाहिली, बारावा दिवस.
आमच्याकडे बाराव्या दिवशी बारसं करतात.
बाराव्या दिवशी दुसरंही एक करतात.
३१७चा धर्म लेबलवर नाही.
तो शवागारातून निघाला का,
विमानानं गेला की इथल्याच वाळूत,
हे आमच्यापर्यंत येत नाही.
नाव मिळालं, ते त्याचं नाही.

डॉक्टर मौझांनी सही केली.
शुक्रान बोतदार, म्हणाल्या, आता घरी जा.

गेले नाही.
जुन्या नोंदी काढल्या, रमजानपासूनच्या.
२८८, तरुण, झोपेत. आढळले नाही.
२९१, ड्रायव्हर, रस्ता सरळ असताना. आढळले नाही.
३०२.
तिन्हींखाली सही माझी, सुबक,
आणि घाईची.
तेव्हाही पोतदारच होते मी.

‘नाही’ आणि ‘आढळले नाही’
यांत एक शब्द कमी-जास्त आहे.
वाचणारा तो गाळूनच वाचतो.
मीही तसाच लिहिला होता.

खोल फ्रीजरमध्ये, उणे ऐंशीला,
नळ्या अजून आहेत.
स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढली
आणि २८८ला
वितळायला बाहेर काढून ठेवलं.